तयारी सोलापुरात, समुद्र पावणेचारशे किलोमीटरवर

रत्नागिरीचा माणूस पहाटे उठून वारा बघतो आणि होडी घालायची की नाही ते ठरवतो. आपलं तसं नाही. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट असं करत टपावर कयाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, बांधून जायचं म्हणजे चहापाणी धरून नऊ तास गेलेच. वाळूवर पोचल्यावर झाकणाचं रबर फाटलंय हे कळलं, तर तिथे ते मिळत नाही आणि परतायचंही जिवावर येतं. म्हणून समुद्रात गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला जायचं, तर आमच्याकडे काम तीन आठवडे आधी अंगणातच सुरू होतं. खाली दिलेलं सगळं बारा फुटी, वर बसायच्या प्लॅस्टिक कयाकसाठी आहे. जायचं अंतर किनाऱ्यापासून दोन, फार तर तीन किलोमीटर. पाणी दहा ते पंधरा मीटर खोल. कयाक किमान दोन, एकट्याने कधीच नाही.

पहिलं काम सांगाड्याचं, म्हणजे कयाकच्या पोकळ अंगाचं. कयाक पॉलिथिलीनची असते आणि सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हाने तिची जितकी वाट लागते तितकी समुद्राने लागत नाही. पत्र्याखाली दोन लोखंडी आडव्यांवर ठेवली की पोटाला खोलगे पडतात. ठेवायचीच तर कुशीवर, रुंद पट्ट्यांवर, सावलीत. खोलगा पडला असेल तर घाबरू नये. कयाक उलटी करून दुपारचं ऊन द्यावं, बराचसा आपोआप वर येतो. राहिलेल्या भागावर गरम पाण्याने भिजवलेला टॉवेल ठेवून आतून हाताने दाबायचं.

गळती बघायची सोपी रीत म्हणजे आत पाणी भरणं. पण इथे नळाला काही दिवसांआड पाणी, त्यात कयाकच्या पोटात पन्नास लिटर कोण ओतणार? आम्ही उलटं करतो. झाकणं लावायची, मागच्या बुचाच्या भोकातून तोंडाने किंवा पायपंपाने अगदी हलकी हवा भरायची आणि भांडी घासायच्या साबणाचं पाणी ब्रशने प्रत्येक स्क्रू, रिव्हेट आणि झाकणाच्या कडेवर लावायचं. पावशेर पाणी पुरतं. बुडबुडा आला तिथे गळती. फार हवा भरली तर झाकणाचं रबर उचकटतं आणि गळती नसलेली जागाही गळायला लागते, म्हणून पंपाचे तीन-चार दाब बास.

इथे बहुतेकजण सिलिकॉन लावतात आणि फसतात. पॉलिथिलीनला सिलिकॉन खरं म्हणजे धरतच नाही. वाळल्यावर नखाने पूर्ण पट्टी निघून येते. स्क्रूच्या जागी ब्यूटाइल टेप लावावी, ती चिकट राहते आणि दाबाखाली बसते. चीर असेल तर त्याच जातीच्या प्लॅस्टिकची कांडी वितळवून वेल्डिंग करून घ्यावं. स्क्रूंचंही तसंच. दुकानात 'स्टीलचा द्या' म्हटलं की बहुधा २०२ जातीचं हातात पडतं. ते दोन फेऱ्यांत तांबूस होतं. ३१६ मागावं, नाही मिळालं तर ३०४ घेऊन दरवर्षी बदलावं. चुंबक लावून ३०४ आणि ३१६ मधला फरक कळत नाही, तेव्हा दुकानदाराच्या चुंबकावर विसंबू नये.

आता बुचाची गोष्ट. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच. इथे बूच घट्ट लावून निघालं की किनाऱ्यावर बाहेरच्या हवेचा दाब जवळपास पाच टक्क्यांनी वाढलेला असतो. झाकण आत ओढलं जातं, उघडता उघडत नाही, पातळ सांगाडा असेल तर बरगडीसारखा आत जातो. उन्हाचं वेगळंच. टपावर तापलेली आतली हवा पाण्यात उतरल्यावर गार होते, आकसते आणि रबराच्या बारीकशा फटीतूनही पाणी आत ओढून घेते. तासाभराने हलवलं की आत डबडब आवाज. म्हणून प्रवासात बूच काढलेलं, किनाऱ्यावर कयाक सावलीत दहा मिनिटं ठेवून मगच लावायचं. आणि काढलेलं बूच विसरणं हा या छंदातला सगळ्यात जुना गाढवपणा असल्याने ते गाडीच्या किल्लीच्या जुडग्यातच अडकवायचं. किल्ली कोरड्या पिशवीत टाकताना बूच हाताला लागतंच.

वजनाचा हिशोब कागदावर करावा. आमच्या कयाकवर १६० किलोची क्षमता लिहिलीय. ती शांत पाण्यातली असते, समुद्रात सत्तर टक्के धरायची. म्हणजे ११२. माणूस ७४ किलोचा, उरले ३८. जॅकेट-कपडे अडीच, वल्हं एक, खुर्ची दोन, दोन रॉड-रील दोन, गळांचा डबा अडीच, नांगर-दोर तीन, पाणी चार, बर्फाची पिशवी सहा, फिशफाइंडर (खोली आणि मासे दाखवणारं यंत्र) आणि बॅटरी अडीच, सुरक्षेची पिशवी अडीच, खाणं अर्धा. बेरीज साडेअठ्ठावीस. माशांसाठी साडेनऊ किलो राहिले, म्हणजे पुष्कळ झाले. बेरीज पस्तीसच्या वर गेली की आधी गळांचा डबा निम्मा करायचा. एका सकाळी तुम्ही चार-पाच नकली आमिषांपेक्षा जास्त वापरत नाही, बाकीची फक्त फिरून येतात.

रीलवर येऊ. ४००० ते ५००० आकाराचं स्पिनिंग रील, सात फुटी रॉड, ३० पौंडी ब्रेडेड (विणलेली) लाइन २५० मीटर. स्पूलवर (रीलच्या चाकावर) आधी दहा मीटर साधा तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, गुंडाळायचा, नाहीतर ब्रेडेड लाइन गुळगुळीत स्पूलवरच फिरते आणि मासा लागल्यावर रील फिरतंय पण दोर येत नाही असा प्रकार होतो. लाइन भरताना ओल्या फडक्यातून, बोटांनी ताण देऊन भरावी. सैल भरली तर वरचा वेढा खालच्यात रुततो आणि पुढची फेक हवेतच तुटते. पुढे दीड मीटर ४० ते ५० पौंडी लीडर, म्हणजे लाइनच्या टोकाला जोडायचा जाड नायलॉनचा तुकडा. गेल्या हंगामातला, माळ्यावर उन्हाळा काढलेला तंगूस वापरू नये. बघायला चांगला दिसतो, गाठ ओढली की तुटतो.

सुरमई धरायची असेल तर लीडरच्या टोकाला वीतभर, म्हणजे साधारण वीस सेंटीमीटर स्टीलची तार हवीच. सुरमईचे दात कात्रीसारखे, नायलॉन एका झटक्यात साफ. तारेला गाठ मारत नाहीत, पीळ देतात, आणि चुकतं ते इथेच. फासा करून दोन्ही पदर एकमेकांभोवती सारखे फिरले पाहिजेत, फुलीसारखे, सहा-सात पीळ. एक पदर सरळ राहून दुसराच त्याच्याभोवती गुंडाळला गेला, तर ताण आल्यावर तो स्प्रिंगसारखा सरकतो. मग मोकळं टोक काटकोनात वळवून सरळ तारेभोवती चिकटून पाच-सहा वेढे द्यायचे. उरलेलं टोक पकडीने कापायचं नाही, अणकुचीदार राहतं आणि बोट फाडतं. टोकाला हँडलसारखा वाक देऊन पुढे-मागे हलवायचं, ते वेढ्याला लागूनच तुटतं. नख फिरवून बघा, काही लागलं नाही पाहिजे. तांबोशी, गोबरा या माशांसाठी तार लागत नाही, उलट तारेमुळे चावे कमी होतात, म्हणून एका रॉडला तार, दुसऱ्याला नुसता लीडर.

ड्रॅग, म्हणजे मासा ओढायला लागल्यावर लाइन ताणून सुटू देणारा रीलचा ब्रेक, अंदाजाने लावू नये. ३० पौंड म्हणजे १३.६ किलो, त्याचा चौथा हिस्सा सुमारे ३.४. रॉड पंचेचाळीस अंशात धरून लाइनला सामान तोलायचा स्प्रिंगकाटा अडकवायचा, दुसऱ्याने सावकाश ओढायचं आणि काटा तीन ते साडेतीनवर असताना लाइन सुटली पाहिजे. कयाकमध्ये जास्त ड्रॅग लावून फायदा नाही. मोठा मासा तुम्हाला कयाकसकट ओढतो, तेच खरं ब्रेक. पण तो बाजूने ओढायला लागला तर कयाक आडवी होते, त्यामुळे रॉड कायम पुढच्या टोकाकडे. लाइन हाताला गुंडाळून ओढायची नाही, कितीही अडकली तरी.

आमिषांना कंपनीचे तीन तोंडी गळ असतात. ते काढून एकेरी गळ लावायचे आणि टोकाजवळचा उलटा काटा पकडीने चेपायचा. होडीत मासा फडफडताना तुम्ही दोन फूट लांब सरकू शकता, कयाकमध्ये तो मांडीवर असतो. चेपलेला गळ माणसाच्या हातातून जसा आत गेला तसा निघतो. न चेपलेल्यासाठी रत्नागिरीचा दवाखाना गाठावा लागतो. धातूचे जिग (वजनदार आमिषं) ४० आणि ६० ग्रॅमचे दोन-दोन, वल्हवताना मागे ओढायला बारा सेंटीमीटरची दोन आमिषं. एवढं पुरे.

कयाकवर जे बांधलेलं नाही ते समुद्राचं. वल्हं, दोन्ही रॉड, पकड, चाकू, जाळी, प्रत्येकाला स्वतःची दोरी. मात्र लाटा फुटतात तो पट्टा ओलांडताना, जाताना आणि येताना, रॉडच्या दोऱ्या सोडून रॉड आत ठेवायचे किंवा सांगाड्याला आवळायचे. त्या पट्ट्यात उलटलात तर लोंबणाऱ्या दोऱ्या मानेभोवती येतात.

नांगर दीड किलोचा, घडीचा, त्याला दोन मीटर साखळी आणि पन्नास मीटर सहा मिलीचा दोर. बारा मीटर पाण्यात तीनपट दोर सोडला तर शांत दिवशी धरतो. खडपात, म्हणजे पाण्याखालच्या खडकांत, नांगर अडकतो, तेव्हा साखळी नांगराच्या वरच्या कडीला नव्हे, खालच्या बाजूला कायमची जोडायची आणि वरच्या कडीशी नुसत्या प्लॅस्टिकच्या केबल टायने बांधायची. अडकला की जोरात ओढा, टाय तुटते आणि नांगर उलट्या बाजूने निघून येतो. टाय दोन-अडीच मिलीची, जाड लावली तर तुटत नाही. नांगर मधल्या बाजूला कधीच बांधायचा नाही. प्रवाहाने कयाक आडवी होऊन भरते. दोर पुढच्या किंवा मागच्या टोकावरूनच गेला पाहिजे, आणि शेवटी तरंगता फुगा हवा, म्हणजे घाईत दोर सोडून देता येतो.

फिशफाइंडर असेल तर १२ व्होल्टची लिथियम फॉस्फेट बॅटरी, १० अँपिअर-तास. बारीक यंत्र अर्धा-पाऊण अँपिअर खातं, सकाळ निघते. तारेत ३ अँपिअरचा फ्यूज. बॅटरी टपावरच्या कयाकमध्ये ठेवून न्यायची नाही. आणि हिप्परग्याला चाचणी घेतली असेल तर यंत्रात 'गोडं पाणी' निवडलेलं राहतं. समुद्रावर ते बदलायचं, नाहीतर खोली चुकीची दाखवतं.

जॅकेट फोमचंच घ्या. हवेने फुगणारं जास्त तरंगवतं, बेशुद्ध माणसाचं तोंडही वर ठेवतं, पण त्याची गॅसची नळी आणि शिवण तपासत बसावी लागते. आमच्यासारखा वर्षातून चारदा जाणारा ते करत नाही. ५० न्यूटनचं फोमचं जॅकेट तोंड वर वळवत नाही हे मात्र लक्षात ठेवावं, म्हणजे एकट्याने का जायचं नाही ते कळतं. दरवर्षी एक चाचणी: किराणा दुकानातलं पाच किलोचं लोखंडी वजन जॅकेटला बांधून हौदात सोडायचं. पाण्यात ते सुमारे ४.३ किलोच भरतं, म्हणजे ही पास होण्यापुरती परीक्षा झाली. तरीही बुडालं तर जॅकेट बागेत पाणी घालताना घालायलाही ठेवू नका. अंगात घालून कोणालातरी खांद्याच्या पट्ट्या वर ओढायला सांगा. हनुवटीच्या वर गेलं की माप मोठं आहे. शिट्टी जॅकेटलाच, फोन पारदर्शक पाणरोधक पिशवीत आणि तीही जॅकेटला. कयाक निसटली की झाकणाखालचा फोन तिच्याबरोबर जातो.

उलटून परत चढायचा सराव समुद्रात करायचा नसतो. आम्ही तुळजापूर रस्त्यावरच्या हिप्परगा तलावावर किंवा उजनीच्या फुगवट्यावर करतो, गावातल्यांना आधी विचारून, आणि पाणपक्ष्यांचे थवे बसलेत त्या कडेपासून लांब. मासे धरायचे नाहीत, तिथल्या मासेमारीचे हक्क दिलेले असतात. कपडे, जॅकेट, सगळं सामान घालून दहा वेळा उलटायचं. चढायची पद्धत तीन टप्प्यांची: पाय मागे पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत मारत आणायचे, मग झेप घेऊन पोट आडवं कयाकवर, मग कूस वळवून बूड खुर्चीत आणि शेवटी पाय. लोक पाय खाली लोंबते ठेवून हातांच्या जोरावर वर यायला बघतात, तेव्हा कयाक पुन्हा अंगावर उलटते. सातव्या-आठव्या वेळी दम लागतो, आणि खरं तर तीच चाचणी असते. समुद्रात उलटाल तेव्हाही दमलेलेच असाल.

तलाव म्हणजे सुरक्षित, असंही समजू नये. मे २०२४ मध्ये उजनीत कुगाव ते कळाशीच्या वाटेवर अचानक आलेल्या वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जणांचा जीव गेला. सराव हिवाळ्यात, सकाळीच.

तलाव जे शिकवत नाही ते म्हणजे भरती-ओहोटी आणि वारा. त्याची तारीख घरी बसूनच काढता येते. पंचांग तर आपल्या सोलापुरातलंच. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, कोकणातला जुना हिशोब. पंचमीला पाच गुणिले पाऊण, पावणेचार. म्हणजे पहाटे पावणेचारला भरती, दहाच्या सुमारास ओहोटी संपून पाणी पुन्हा वर. हीच आम्हाला आवडणारी तिथी. उजाडल्यावर ओहोटीबरोबर बाहेर पडायचं, दहानंतर भरतीबरोबर परत. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, तेव्हा प्रवाह जोराचा, नको. या हिशोबात अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, त्यामुळे भरतीच्या तक्त्यावरून खात्री करावी. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जून-जुलैत यांत्रिक नौकांना ६१ दिवसांची बंदी असते, कयाकला यंत्र नसलं तरी त्या समुद्रात जायचा आगाऊपणा कोणी करू नये.

सकाळचा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. वल्हवताना मजा येते, तासाला पाच किलोमीटर सहज. फसवतो तो हाच. किनाऱ्याजवळ पाणी आरशासारखं असतं, दोन किलोमीटरवर गेल्यावर वळून बघावं तर परतीला वारा तोंडावर आणि वेग निम्मा. निघाल्यावर दहा मिनिटांनी एकदा मागे वळून वल्हवून बघायचं. जड गेलं तर पुढे जायचं नाही. दुपारी खारा वारा सुरू होतो, तो किनाऱ्याकडे आणतो पण लाटा उभ्या करतो, म्हणून अकराला वाळूवर. इन्कॉइस या सरकारी संस्थेचा समुद्रस्थितीचा अंदाज तीन दिवस आधीपासून बघावा. वारा ताशी १५ किलोमीटरच्या वर किंवा लाट पाऊण मीटरच्या वर असेल तर सोलापूर सोडायचंच नाही. लाटेच्या उंचीबरोबर दोन लाटांमधले सेकंदही बघा. अर्ध्या मीटरची, बारा-चौदा सेकंदांची लाट बाहेर जाणवत नाही, पण किनाऱ्यावर दणकून फुटते. खाडीच्या तोंडातून ओहोटीला निघायचं नाही. बाहेर जाणारं पाणी आणि आत येणारी लाट भिडतात तिथे पाणी खड्या भिंतीसारखं उभं राहतं.

टपावर बांधताना सोलापुरी चादर घालायचा मोह होतो. घालू नये, धुक्यात ओली झाली की घसरते आणि पट्टा सैल पडतो. आडव्या दांड्यांवर फोमच्या नळ्या, कयाक उलटी, रॅचेटच्या (खटक्याने आवळायच्या) पट्ट्यांऐवजी साधे बकलचे पट्टे. रॅचेटने हाताला कळत नाही आणि तापलेलं प्लॅस्टिक आवळून चेपतं. पट्ट्याला एक पीळ द्या, नाहीतर मंगळवेढ्यापर्यंत तो कानात गुणगुणत राहतो. पुढचं आणि मागचं टोक वेगळ्या दोरांनी गाडीला बांधलेलं, मागे लाल फडकं. वीस किलोमीटरवर एकदा, कोल्हापूरला एकदा आणि आंबा घाट उतरायच्या आधी एकदा पट्टे तपासायचे.

खाण्यात कडक भाकरी भारी, चार दिवस काही होत नाही. पण शेंगाचटणी किनाऱ्यावर खा. पाण्यावर ती खाल्ली की तहानेने चार लिटर पाणी दोन तासांत संपतं. वर गूळ आणि केळी. पाण्याच्या एक-एक लिटरच्या दोन बाटल्या आधीच गोठवून न्यायच्या, माशांना बर्फ आणि नंतर प्यायला पाणी. सुरमई, बांगडा, कुपा हे मासे उन्हात राहिले तर त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही, अंगावर गांधी उठतात. मासा आत आला की कल्ले कापून रक्त काढायचं आणि लगेच पिशवीत. परतीच्या नऊ तासांसाठी दोन भाग बर्फ, एक भाग समुद्राचं पाणी असा रबडा मोठ्या खोक्यात करा. नुसत्या बर्फाच्या खड्यांपेक्षा मासा लवकर गार होतो. कोल्हापूरला पाणी थोडं सोडून बर्फ वाढवायचा.

किनाऱ्यावर थांबणाऱ्या माणसाकडे कागद हवा: किती कयाक, रंग कोणता, निघालो किती वाजता, परत किती वाजता, आणि साडेअकरापर्यंत दिसलो नाही तर तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३. आधारकार्डाची प्रत जवळ ठेवा आणि आदल्या संध्याकाळी तिथल्या मच्छीमारांशी बोला. जाळी कुठे टाकलीत आणि खडप कुठे उघडं पडतं हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं.

घरी आल्यावर धुणं. वीस लिटरची एक बादली दोन्ही रीलना, रॉडना आणि गळांना पुरते, जर क्रम पाळला तर. ड्रॅग घट्ट आवळायचा, म्हणजे पाणी आत जात नाही. रीलवर मग्याने हलकं पाणी, जोराची धार नको, ती मीठ बेअरिंगमध्ये ढकलते. बोअरचं पाणी जड, सुकलं की पांढरा थर धरतं, म्हणून शेवटचा मगा पिण्याच्या पाण्याचा. मग सोलापुरी टॉवेल, याला मात्र तोड नाही. वापरलेलं आमिष न वापरलेल्यांच्या डब्यात टाकायचं नाही, एका गळाचं मीठ सगळ्यांना गंजवतं. सुकल्यावर ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवायचा, नाहीतर आतल्या चकत्या दबून पुढच्या वेळी झटके देतात. तारेचे तुकडे फेकून द्या, पुन्हा वापरायचे नाहीत. बूच पुसून परत किल्लीच्या जुडग्यात.